चढाईची टक्केवारी कशी वाचावी?

बर्फावरील हॉकीत खेळ सुरू करताना पंच दोन खेळाडूंच्या मधोमध चकती टाकतो. याला ‘फेसऑफ’ म्हणतात. चकती ज्याच्या संघाकडे गेली तो जिंकला, समोरचा हरला. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, एकाची जमा ती दुसऱ्याची नावे. म्हणून संपूर्ण लीगची सरासरी बरोबर ५० टक्केच येते आणि प्रत्येक खेळाडू त्या ५० शी ताडून पाहता येतो.

आपल्या हैदराबादेत बर्फ नाही, पण कबड्डी आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेलुगु टायटन्स हा आपला संघ झाला आणि चढाईपटूंची टक्केवारी पडद्यावर झळकू लागली. मात्र फेसऑफची फूटपट्टी येथे लागू पडत नाही. कारण चढाईचे निकाल तीन: गुण मिळाला, गडी बाद झाला, किंवा रिकाम्या हाताने परतला. टक्केवारी काढताना ही रिकामी चढाईही छेदात धरतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ने २० चढाया केल्या: ८ यशस्वी, २ वेळा बाद, १० रिकाम्या. यश ४० टक्के. ‘ब’ने १० केल्या: ५ यशस्वी, ५ वेळा बाद. यश ५० टक्के. कागदावर ‘ब’ सरस! पण दर यशाला एकच गुण धरला तर ‘अ’ने ८ मिळवून २ दिले, ‘ब’ने ५ मिळवून ५ दिले. आंतरमहाविद्यालयीन संघ केवळ टक्के पाहून निवडला, तर ‘अ’ बाकावर बसेल. (एका यशात एक गुण की तीन, हेही टक्के सांगत नाहीत, ते वेगळेच.)

अर्थात रिकामी चढाई फुकट नसते. लीगच्या नियमाप्रमाणे संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. ‘अ’ने टाळलेला धोका अनेकदा दुसऱ्याच्याच गळ्यात पडतो.

ही तिसरी चढाई मात्र फेसऑफच्या जवळची, कारण तीत रिकामे परतणे नाही. म्हणून तिचे टक्के वेगळे मांडावेत. तेथेही ५० ही सरासरी गृहीत धरू नये. चढाईपटूला आत यावेच लागणार हे बचावफळीला ठाऊक असते, ती मागे सरून वाट पाहते. अशा चढायांवर वारंवार पाठवला जाणारा भरवशाचा गडी केवळ एकूण टक्केवारीवरून जोखू नये.