जलसंजीवनी : पेशीच्या दारातील विज्ञान

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तर पाण्यात टाकलेले बेदाणे फुगतात. या दोहोंमागील नियम एकच होय. विरघळलेल्या पदार्थांना अडविणाऱ्या पटलातून पाणी सौम्य द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे जाते. यास परासरण म्हणतात.

प्रत्येक सजीव पेशीभोवती असे पातळ पटल असते. प्राणवायू त्यातून विसरणाने सहज आत जातो. साखर व क्षार यांना मात्र पटलातील विशिष्ट प्रथिनांच्या वाटेनेच जावे लागते. लहान आतड्याच्या पेशींवरील असे एक प्रथिन सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

पटकीच्या विषामुळे आतड्यातील पेशींतून क्षार व पाणी बाहेर वाहू लागते. परंतु ही जोडीची वाट शाबूत राहते. म्हणूनच नुसत्या पाण्याने जे साधत नाही, ते मीठ-साखरेच्या पाण्याने साधते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी फैलावली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपविले. शेकडा ३० च्या घरातील मृत्यूंचे प्रमाण ४ च्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जलसंजीवनीत प्रमाणाला फार महत्त्व आहे. १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळावी. पुडी नसल्यास तितक्याच पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. साखर वा मीठ अधिक झाल्यास कैरीच्या फोडीप्रमाणेच शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढले जाते. तयार द्रावण २४ तासांत वापरावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाल्यास, पिऊ शकत नसल्यास अथवा शौचातून रक्त पडल्यास त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

शिक्षकांनी कैरीचा प्रयोग वर्गात करून दाखवावा. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी आशा कार्यकर्तीकडे पुड्यांचा पुरेसा साठा असल्याची खात्री करावी. पेशीचे दार निसर्गाने उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत योग्य प्रमाणातील द्रावण वेळेवर पोहोचविणे आपल्या हाती आहे.