जुना डेक, जुनी कॅसेट आणि हरवलेले पाच सेकंद

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप केला तो मराठीत बोलतो.

गेल्या दिवाळीत घरचा माळा आवरताना एक कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात 'अण्णा, १९९४' एवढंच. बाबा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. फोन महाग, म्हणून आजोबा कोकणातून कॅसेटवर बोलून ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायचे. त्यातली ही एकच उरली. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

जुन्या बाजारातून १८०० रुपयांना एक डेक घेतला, होस्टेलवर आणला, कॅसेट घातली, प्ले दाबलं. आवाज शून्य! डेकला स्वतःचा स्पीकर नसतो, हे तेव्हा कळलं. रूममेटचे स्पीकर आणून जोडेपर्यंत डेक चालूच होता. आतून कुरकुर ऐकू आली म्हणून झाकण उघडलं, तर फीत रोलरभोवती गुंडाळलेली. सोडवताना ती तुटली.

असं का झालं?

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, म्हणजे १८०० × ४.७६, साधारण ८६ मीटर फीत! हा वेग राखतो कॅप्स्टन नावाचा बारीक फिरता दांडा. रबराचा पिंच रोलर फितीला त्याच्यावर दाबून धरतो. पुढे आलेली फीत गुंडाळून घ्यायचं काम उजव्या चकतीचं. बेल्ट सैल झाला की ही चकती थांबते, पण कॅप्स्टन फीत पुढे ढकलतच राहतो. मग ती जाणार कुठे? रोलरभोवती. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता, बेल्टचा होता. आणि त्याहून जास्त माझ्या घाईचा.

डेक घेताना आणि लावताना

१. टाकाऊ कॅसेट बरोबर न्या. दुकानातच निदान दहा मिनिटं वाजवा, पुढे-मागे पळवून बघा. उजवी चकती अडखळली तर बेल्ट बदलायला हवा, हे धरून भाव करा.

२. बेल्ट बघा. जुना रबर सैल पडतो, कधी डांबरासारखा चिकट होतो. नवा घेताना जुन्याचं माप जसंच्या तसं देऊ नका, कारण तो ताणून लांब झालेला असतो.

३. हेड आणि कॅप्स्टन पुसा. त्यांच्यावर फितीची तपकिरी भुकटी बसते आणि आवाज बसका येतो. इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, वाळू द्या. रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा.

४. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान तोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलात तरी जुना आवाज पुसला जात नाही.

५. एवढं करूनही आवाज दबका असेल तर ॲझिमथ तपासा. हेडमधली फट फितीच्या कडेशी ९० अंशात हवी. १०,००० हर्ट्झच्या आवाजाची लाट फितीवर फक्त ४.७६ मायक्रॉन लांब असते, त्यामुळे हेड जरासं तिरकं झालं तरी बारीक आवाज गायब होतात. हेडशेजारचा स्क्रू आधी खूण करून, मग अगदी थोडा फिरवा. 'स' आणि 'श' स्वच्छ ऐकू आले की थांबा.

६. पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. डेकचं लाइन-आउट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा, माइकच्या भोकात नको, तिथे आवाज फाटतो. मूळ फाइल वेव्हमध्येच ठेवा.

माझ्या फितीचा २४ सेंटिमीटरचा तुकडा इतका चुरगळला होता की कापावाच लागला. उरलेली टोकं मी स्प्लाइसिंग टेपने जोडली (साधी चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद हेडला लागतो). २४ भागिले ४.७६, म्हणजे पाच सेकंद. दोन्ही बाजू एकाच फितीवर असल्यामुळे दुसऱ्या बाजूचेही पाच गेले.

बेल्ट बदलून डेक घरी नेला आणि बाबांसोबत ऐकलं. आजोबांचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा पातळ आहे. पाऊस वेळेवर आला, लावणी झाली, गाय व्याली, असं सगळं ते सावकाश सांगतात. मग म्हणतात, तू ये असं मी म्हणत नाही, पण... आणि तिथे माझा जोड येतो. पुढचं वाक्य आंब्याच्या खताबद्दल आहे.

त्या 'पण'नंतर काय होतं, ते बाबांना विचारलं. तीस वर्षं झाली, त्यांनाही आठवत नाही. ते म्हणाले, "परत लाव." आम्ही फाइल परत लावली.

तुमच्या घरी माळ्यावर अशी कॅसेट असेल तर सुट्टीत शोधा. डेक आता ठणठणीत आहे आणि माझ्या रूमवर आहे, कधीही या. फक्त येताना एक टाकाऊ कॅसेटही घेऊन या. आधी ती लावू.