मोबाइलवर पहिलं आलं म्हणजे खरं, असं नाही

मोबाइलवर काही शोधलं की साइटची रांग लागते. वरची पहिली साइट आपण उघडतो. पण ही रांग लागते कशी?

आपल्या गटाची इतिवृत्त नोंदवही घ्या. डोणगावच्या एखाद्या गटाला 'शेळीसाठी कर्ज' कधी दिलं ते शोधायचं आहे. 'कर्ज' तर जवळपास दर पानावर आहे, त्यावरून काय सापडणार? 'शेळी' मात्र चारच पानांवर. म्हणून 'शेळी' शब्दाला वजन जास्त. दोन्ही शब्द असलेलं पान सगळ्यात वर. कमी ठिकाणी येणाऱ्या शब्दाला जास्त वजन, ही युक्ती 1972 साली केरन स्पार्क जोन्स यांनी मांडली. हो, एका बाईनेच! गूगल याशिवाय त्या पानाकडे इतर किती साइट बोट दाखवतात, अशा बऱ्याच गोष्टी धरतं. सगळं मिळून पानाला जुळणीचे गुण पडतात.

गूगल हे गुण दाखवत नाही, फक्त रांग दाखवतं. काही ठिकाणी मात्र '100 टक्के जुळते' असं लिहून येतं. तिथं जरा थांबा. पुष्कळदा वरच्या पानाला 100 धरून बाकीच्यांचे टक्के काढलेले असतात. कामाचं एकही पान नसलं तरी कोणाला तरी 100 मिळतातच. वासरात लंगडी गाय शहाणी! आजच्या शोधातले 80 आणि कालच्या शोधातले 80 हेही सारखे नसतात.

आणि हे गुण शब्द जुळल्याचे आहेत, खरेपणाचे नाहीत. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा सारख्या नावाच्या खोट्या साइट निघाल्या. शब्द तेच, म्हणून जुळणीही चांगली. 'प्रायोजित' लिहिलेली साइट तर पैसे देऊन वर आलेली जाहिरात असते.

म्हणून आधार नंबर टाकण्याआधी वरचा पत्ता वाचा. पहिली एकेरी तिरपी रेघ जिथं येते, त्याच्या अगदी आधी काय आहे ते बघा. बहुतेक सरकारी साइटच्या नावाचा शेवट इंग्रजीत जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन असा असतो. मधेच कुठं 'गव्ह' लिहिलेलं चालत नाही. वाचता आलं नाही तर गटातल्या शिकलेल्या मुलीला दाखवा, ओटीपी मात्र तिलाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.