गोळी कुणाची, किती आणि कधी?

संधिवाताच्या एका आजींना डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सोबत फॉलिक ॲसिड असतं आणि बऱ्याचदा दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर दिसतात. घरी सगळ्या गोळ्या एकाच डब्यात गेल्या आणि आजी दोन्ही रोज घेऊ लागल्या. काही दिवसांनी सूनबाई आमच्या मेडिकलमध्ये आल्या. “आईंचं तोंड आलंय, घास गिळवत नाही. लावायला काहीतरी द्या.” मी म्हटलं, मलम नंतर बघू, आधी चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. ती पाहिली आणि त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं. आजींच्या रक्तातल्या पेशी खूप घसरल्या होत्या. नशिबाने वाचल्या.

तेव्हापासून मेथोट्रेक्सेट देताना मी पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहिते. तुम्हीही लिहा, आणि ती गोळी डब्यात बाकीच्यांत मिसळू नका.

आमच्याकडे मागतील तितक्या सुट्या गोळ्या कापून देतात. कात्रीत नाव जातं, मुदतीची तारीखही जाते. म्हणून पाकिटाचा नाव असलेला भाग मागून घ्या. दोन डॉक्टर चालू असतील तर सगळी पाकिटं दोघांनाही दाखवा. कंपनी बदलली की नाव बदलतं, आतलं औषध मात्र एकच असू शकतं. गुडघेदुखीसाठी परस्पर डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते: बीपीची आणि लघवीची गोळी चालू असताना हे मूत्रपिंडाला झेपत नाही.

चातुर्मासात मला दुसरीच धास्ती असते. उपास कडक आणि शुगरची गोळी मात्र नेमाने चालू! ग्लिमेपिराइडवर असलेलं म्हातारं माणूस घामाघूम झालं, असंबद्ध बोलू लागलं, की घरचे म्हणतात वय झालं. आधी साखर तपासा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी पाजा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण साखर पुन्हा उतरू शकते. उपासाआधी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.

लहान मुलांच्या बाबतीत घोळ होतो तो थेंब आणि सिरप यांत. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा 100 मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये 120 किंवा 250. थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजला, तर तान्ह्या बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची 500 ची अख्खी गोळी जाते. डोस ठरतो वजनावर, किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. म्हणून वजन सांगून डोस लिहून घ्या आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या. आजोबांची निमेसुलाइड मोडून नातवाला कधीच देऊ नका. बारा वर्षांखालील मुलांसाठी तिच्यावर 2011 पासून बंदी आहे.

आणि मुलाने गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढत बसू नका. पाकीट घ्या आणि मोठं रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताची इजा बाहेर दिसायला दिवस-दोन दिवस जातात, म्हणून मूल खेळत असलं तरी न्याच.