शिरूर-दौंडच्या उन्हात पेस्टो

पेस्टो हा इटलीतल्या जिनोआचा पदार्थ. बेसिलची पाने, लसूण, चिलगोजे, जाडे मीठ, किसलेले चीज आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटून तो होतो. शिरूर-दौंडकडच्या ठेचा कुटणाऱ्या हाताला कृती अवघड नाही. घात होतो तो उष्णतेने आणि साठवणीच्या जुन्या सवयींनी.

पाल्यापासूनच जपावे. दारातली तुळस घातली की युजेनॉलमुळे लवंगेसारखा उग्रपणा येतो आणि बाकी चवी दबतात. सब्जाचे झाड शास्त्रीय जातीने बेसिलच, पण वाणागणिक वास बदलतो. पान चुरगाळून कापराचा वास आला तर ते सोडून द्यावे. तुरे आलेल्या झाडाची पाने कडवट लागतात, म्हणून शेंडे खुडत राहावे. बेसिल मिळालेच नाही तर तीन भाग कोथिंबीर, एक भाग पुदिना आणि चिलगोज्यांऐवजी भाजलेले, सोललेले शेंगदाणे घ्यावेत. जिनोआकर याला पेस्टो म्हणणार नाहीत; भाकरीला त्याने फरक पडत नाही.

दोन वाट्या पानांना गावरान लसणाच्या एक-दोन पाकळ्या पुरतात. धुतलेली पाने पंचावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. मिक्सर एकसारखा फिरवला की भांडे तापते, चिरडलेल्या पानांतले विकर हवेशी मिळून रंग काळवंडवतात आणि ऑलिव्ह तेलही कडू होते. एप्रिल-मेमध्ये तर हे पाहता पाहता घडते. भांडे आधी फ्रीजरमध्ये ठेवावे, बटण दोन-तीन सेकंदच दाबून सोडावे, आणि तेल व चीज शेवटी चमच्याने कालवावे. हिरवा रंग टिकवायचाच असेल तर पाने दहा सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून; वास मात्र थोडा उतरतो.

सर्वांत घातक सवय लोणच्याची आहे. वर तेलाचा थर दिला की बरणी फडताळात टिकते, हा हिशेब पेस्टोला लागू पडत नाही. लोणचे आंबटपणा आणि भरपूर मीठ यांवर तगते. पेस्टोत दोन्ही पुरेसे नसतात. मातीतून लसणाबरोबर आलेले बोट्युलिझमचे जिवाणू तेलाखाली, हवा नसताना, उबेत वाढतात आणि त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. लिंबू पिळल्याने चव सुधारते, सुरक्षिततेची हमी मिळत नाही. म्हणून पेस्टो फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावा. जास्तीचा, चीज न घालता, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. वीज चार तासांहून अधिक गेली, तर फ्रीजमधला पेस्टो टाकून द्यावा. पाल्याच्या जुडीपेक्षा दवाखाना महाग पडतो.

वाढताना पेस्टो गॅसवर शिजवू नये. गॅस बंद करून गरम पास्त्यात, पास्ता उकडलेल्या पाण्याचे दोन चमचे घालून कालवावा. गोठवलेल्या वड्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवाव्यात आणि चीज तेव्हाच मिसळावे.