टोपणनावे : ओळखीची आणि अवहेलनेची

मराठी भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन वाक्प्रयोग आहेत. पहिल्याने नवजात बालकाला ओळख मिळते, दुसऱ्याने माणसाची निंदा होते. लिहिताना दोहोंत केवळ एका मात्रेचा फरक आहे. टोपणनावाचे स्थान या दोन वाक्प्रयोगांच्या मध्ये कुठेतरी आहे. एखाद्याला ते आयुष्यभर अभिमानाने मिरविता येते, तर एखाद्याला ते आयुष्यभर सोसावे लागते. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या विषयाची पवित्र कुरआनने स्वतंत्रपणे दखल घेतली आहे. ती का घेतली, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात करावयाचा आहे.

नाव कसे पडते?

आईवडील नाव ठेवतात. टोपणनाव मात्र ‘पडते’. ते कोणी व केव्हा दिले हे पुष्कळदा सांगताही येत नाही. त्यामागे बहुधा ओळख पटविण्याची साधी गरज असते. आमच्या मंगरूळपीरचेच उदाहरण घ्या. मंगरूळ नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यातच मंगरूळ दस्तगीर आहे आणि मंगरूळ चव्हाळाही आहे. हजरत दादा हयात कलंदर (रह.) यांचा दर्गा ज्या मंगरुळात आहे, त्याला लोक मंगरूळपीर म्हणू लागले. जे गावांचे तेच माणसांचे. एका मोहल्ल्यात दोन युसूफ असले, की एक ‘शिंपी युसूफ’ होतो आणि दुसरा ‘उंच युसूफ’.

महाराष्ट्रातील कितीतरी आडनावे अशीच रूढ झाली असावीत. एकबोटे, टकले, बोबडे, सातपुते ही आडनावे ऐकली, की कोणा पूर्वजाचे शरीर, बोलणे किंवा संतती डोळ्यांपुढे येते. अत्तार, तांबोळी, मणियार, बागवान यांत व्यवसाय दिसतो. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हातात मातीचे गाडगे घेऊन गावोगाव फिरले, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आज मूळ नाव थोड्यांना आठवते, गाडग्याचे नाव सर्वांना.

अरबांमध्ये नावाखेरीज ‘कुन्यत’ आणि ‘लकब’ अशा दोन पद्धती होत्या. कुन्यत म्हणजे अपत्याच्या किंवा एखाद्या गोष्टीच्या संबंधाने हाक मारणे. आपल्या घरांत ‘सलीमचे अब्बा’, ‘नसरीनची अम्मी’ असे म्हणतात, ते याच्याच जवळचे. लकब म्हणजे गुणावरून, रूपावरून किंवा प्रसंगावरून मिळालेले नाव. हजरत अबू हुरैरा (रजि.) घरच्या शेळ्यामेंढ्या चारीत असताना एक लहान मांजर जवळ बाळगीत असत, त्यावरून ‘मांजरवाला’ अशा अर्थाची त्यांची कुन्यत रूढ झाली. हदीसच्या ग्रंथांत सर्वाधिक रिवायती ज्यांच्या आहेत, त्यांचे मूळ नाव कोणते यावर विद्वानांनी चर्चा केली. कुन्यत मात्र प्रत्येक मुलाला पाठ आहे.

आयतीची पार्श्वभूमी

यावरून टोपणनाव मुळात निषिद्ध नाही हे स्पष्ट होते. मग मनाई कशाची आहे? सूरह अल-हुजुरात ही ४९ वी सूरह आहे. तिच्या ११ व्या आयतीत श्रद्धावंतांना उद्देशून सांगितले आहे, की एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करू नये, स्त्रियांनी स्त्रियांची करू नये, एकमेकांना दूषणे देऊ नयेत आणि एकमेकांना वाईट उपाधींनी हाक मारू नये. ज्यांची थट्टा केली जाते ते थट्टा करणाऱ्यांहून चांगले असू शकतात, याचीही जाणीव तेथे करून दिली आहे.

उपाधींविषयीचा हा आदेश मदीनेतील बनू सलिमा या कबिल्याच्या संदर्भात अवतरल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्या लोकांत एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन नावे असत. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेस आल्यावर त्यांनी कोणाला त्यांपैकी एखाद्या नावाने हाक मारली, की लोक सांगत, ‘हे अल्लाहचे प्रेषित, या नावाचा त्याला राग येतो.’ तेव्हा ही आयत अवतरली.

या प्रसंगातील एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. नाव खरे आहे की खोटे, ते किती जुने आहे, ते सर्वांच्या तोंडी आहे की नाही, यांपैकी कोणताच प्रश्न तेथे निघाला नाही. ज्याचे नाव आहे, त्याला ते बोचते का, एवढेच पाहिले गेले. ‘आम्ही प्रेमाने म्हणतो’, ‘गाव म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो’ ही आपली नेहमीची उत्तरे या कसोटीवर टिकत नाहीत. टोपणनाव योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचा पहिला अधिकार ते धारण करणाऱ्याचा आहे.

एकच शब्द, दोन हेतू

कसोटी शब्दाची नसून मनाची आणि हेतूची आहे, याचे उत्तम उदाहरण हजरत अली (रजि.) यांच्या जीवनात सापडते. एकदा ते घरातून रुसून निघाले आणि मस्जिदीत जाऊन झोपले. अंगावरची चादर सरकल्याने पाठीला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने ती माती झटकीत त्यांना ‘अबू तुराब’, म्हणजे मातीवाला, म्हणून उठविले. हजरत अली (रजि.) यांना या नावाहून दुसरे कोणतेही नाव अधिक प्रिय नव्हते. पुढे राजकीय वैराच्या काळात विरोधकांनी हेच नाव त्यांच्या निंदेसाठी वापरले. शब्द तोच राहिला, उच्चारणाऱ्याचे मन बदलले.

हजरत अस्मा (रजि.) यांचेही तसेच. हिजरतीच्या वेळी शिधा आणि पाण्याची पखाल बांधायला काही मिळेना, तेव्हा त्यांनी आपला कमरपट्टा फाडून त्याचे दोन भाग केले. त्यावरून त्या ‘जातुन्निताकैन’, दोन कमरपट्ट्यांच्या, म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे विरोधकांनी त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांना याच नावावरून हिणविले. मातेने पुत्राला त्या रात्रीची हकीकत सांगितली, आणि ज्याला लोक टोमणा समजत होते ते नाव त्यांच्यासाठी भूषण ठरले.

ओळखीसाठी व्यंगाचा उल्लेख

हदीसच्या विद्वानांत ‘अल-अअरज’ (लंगडे) आणि ‘अल-अअमश’ (अधू दृष्टीचे) अशी नावे आढळतात. पहिले अब्दुर्रहमान बिन हुर्मुज (रह.), अबू हुरैरांचे शिष्य; दुसरे कूफा येथील सुलैमान बिन मिहरान (रह.). एकाच नावाच्या अनेक रावींमधून नेमका माणूस ओळखता यावा, ही तेथे ज्ञानाची निकड होती. म्हणून विद्वानांनी अशी नावे घेण्यास अनुमती दिली. पण हेतू हिणविण्याचा नसावा, आणि दुसऱ्या प्रकारे ओळख पटत असेल तर तीच सांगावी, अशी अटही घातली. ही दक्षता किती होती पाहा. इस्माईल बिन इब्राहीम (रह.) हे मातेच्या नावावरून ‘इब्ने उलय्या’ म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यांना ते आवडत नसे. इमाम शाफई (रह.) त्यांचा उल्लेख ‘ज्यांना इब्ने उलय्या म्हटले जाते ते इस्माईल’ असा करीत.

आपल्या मोहल्ल्यांत या नियमाची गरज एका विशेष वेळी भासते. कोणाचे निधन झाले, की मस्जिदीच्या ध्वनिक्षेपकावरून जनाजाची सूचना द्यावी लागते. मयताचे खरे नाव सांगितले तर निम्म्या गावाला कळत नाही कोण गेले. सत्तर वर्षे ज्याला सर्वांनी त्याच्या पायावरून वा डोळ्यावरून हाक मारली, त्याचे खरे नाव लोक प्रथम त्याच्या मृत्यूच्या दिवशी ऐकतात. अशा वेळी वडिलांचे नाव, गल्ली, धंदा, मुलांची नावे सांगावीत. बहुतेकदा तेवढ्याने ओळख पटते. पण त्या माणसाला हयातीत एकदा तरी त्याच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारली होती का, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांसाठी उरतो.

घरात आणि मोहल्ल्यात

मराठी बोलीत नावाला ‘या’ जोडण्याची लकब आहे. गणेशचा गण्या आणि रमेशचा रम्या होतो. समवयस्क मित्रांत ती जवळीक असते, मोठ्याने लहानाला वा मालकाने मजुराला म्हटले तर तुच्छता. मुस्लिम नावांच्या बाबतीत यात आणखी एक गंभीर दोष येतो. अब्दुर्रहमान, अब्दुल गफ्फार, अब्दुर्रज्जाक या नावांत ‘अब्द’ म्हणजे दास आणि पुढे अल्लाहचे नाव आहे. ‘अब्द’ गाळून केवळ अल्लाहसाठीच असलेल्या नावाने माणसाला हाक मारणे विद्वानांनी अनुचित मानले आहे. त्यापुढे जाऊन ते नाव मोडणे तर अधिकच अनुचित. ती मोडकी रूपे येथे लिहिण्याची गरज नाही. प्रत्येक गल्लीला ती ठाऊक आहेत. हाक लहान करायचीच असेल तर घराने मुलाला दुसरे गोड नाव द्यावे.

आयतीत ‘समूह’ हा शब्द आहे, हेही विसरू नये. कापूस पिंजणाऱ्यांनी मन्सूरी, विणकरांनी अन्सारी, मांसविक्रेत्यांनी कुरैशी ही नावे स्वतःसाठी स्वीकारली. कष्टाच्या धंद्यात कमीपणा नाही. पण त्या धंद्याचे नाव हिणविण्याच्या स्वरात उच्चारले जात होते. ज्यांनी स्वतःसाठी जे नाव निवडले, त्यांना त्याच नावाने संबोधावे. लग्नाच्या बैठकीत बिरादरीचे जुने नाव कुजबुजणारा माणूस या आयतीच्या कक्षेत येतो.

आयतीच्या शेवटी जे तौबा करीत नाहीत त्यांना अत्याचारी म्हटले आहे. हा माणसाच्या हक्काचा प्रश्न असल्याने ज्याला दुखावले त्याची क्षमा मागणेही आवश्यक ठरते. सुरुवात घरापासून करता येईल. काळ्या रंगाच्या मुलीला, चष्मा लावणाऱ्या मुलाला, अडखळत बोलणाऱ्या भाच्याला आपण कोणत्या नावाने बोलावतो, हे आठवावे. त्यांना जवळ घेऊन विचारावे, ‘तुला या नावाने वाईट वाटते का?’ उत्तर ‘हो’ आले, किंवा मूल नुसते खाली पाहू लागले, तर ते नाव त्या दिवसापासून घरात बंद व्हावे.

अल्लाह आपल्या जिभांना इतरांच्या मनाची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.