पेस्टलची चित्रं टिकतात का?

प्रश्न : सॉफ्ट पेस्टलच्या चित्राला हात लागला की रंग पुसतो. म्हणून फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) भरपूर मारलं, तर पिवळे-पांढरे भाग काळवंडले. हे माध्यम टिकाऊ नाहीच का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पुसला जाणं वेगळं आणि टिकाऊ नसणं वेगळं. पेस्टलमध्ये रंगद्रव्य भरपूर, डिंक नावापुरता. तेल नसल्यामुळे ते पिवळं पडत नाही, तडकत नाही. फ्रेंच चित्रकार ला तूर यांनी केलेलं मादाम द पाँपादूरचं पेस्टल व्यक्तिचित्र १७५५ पासून टिकून आहे, आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

फिक्सेटिव्हने भुकटी ओली होऊन कणांमधली हवा जाते, म्हणून रंग गडद दिसतो. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मधे फिक्सेटिव्ह वापरत. तुम्हीही फूटभर अंतरावरून, खिडकी उघडून, हलका फवारा मारा. वाळल्यावर उजळ रंग शेवटी द्या आणि त्यांवर काही मारू नका. कागद मात्र खरखरीतच हवा, गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर कितीही फवारा, व्यर्थ! सुटी भुकटी फुंकू नका, नाकात जाते. कागद उभा धरून मागून टिचकी मारा.

फ्रेम करताना माउंट घालून काच लावा. अॅक्रिलिक शीट स्थिर विजेने भुकटी ओढून घेते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका, बुरशी धरते. काळवंडलेल्या जागी तोच रंग पुन्हा हलकेच फिरवा, बहुतेक चित्र सावरेल.